आधी चीज, मग चॉकलेट : ग्रुयेर आणि ब्रॉक येथे अर्धा दिवस कसा घालवावा

स्वित्झर्लंडला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या कार्यक्रमात टिटलिस किंवा युंगफ्राऊ हमखास असते. चीज आणि चॉकलेट मात्र बहुधा परतीच्या दिवशी विमानतळावरील दुकानात, घाईघाईने आणि चढ्या भावाने पदरात पडतात. वास्तविक हे दोन्ही पदार्थ ज्या कुरणांच्या दुधावर मोठे झाले तिथे जाऊन, ते कसे घडतात हे पाहून आणि शांतपणे चाखून परतायला अर्धा दिवस पुरतो. फ्रीबुर कँटनमधील (प्रांतातील) ग्रुयेर आणि त्याच्या शेजारचे ब्रॉक ही त्यासाठी सर्वांत सोयीची जोडी आहे, कारण एका ठिकाणी चीज बनवण्याची प्रात्यक्षिक डेअरी आहे, दुसऱ्या ठिकाणी चॉकलेटचा सव्वाशे वर्षांचा कारखाना आहे आणि दोहोंमधले अंतर आगगाडीने फार तर पाऊण तासाचे आहे.

मात्र अर्धा दिवस पुरतो तो दोन अटींवर. आधी चीज आणि मग चॉकलेट हा क्रम उलटा करू नये, आणि या दोहोंच्या मध्ये तिसरा मोठा कार्यक्रम कोंबू नये. पहिल्या अटीचे एक कारण जिभेशी निगडित आहे आणि दुसरे घड्याळाशी. दोन्ही पुढे ओघाने येतील.

दिवस आणि वेळ ठरवताना

ग्रुयेरच्या पायथ्याशी प्रांजी नावाची वस्ती आहे आणि तिथे ग्रुयेर रेल्वे स्थानकाला अगदी लागूनच ‘ला मेझों द्यु ग्रुयेर’ ही प्रात्यक्षिक डेअरी आहे. ती वर्षभर उघडी असते, परंतु चीज काही दिवसभर बनत नाही. हे काम सकाळी नऊच्या सुमारास सुरू होते आणि दुपारी साडेबाराच्या आसपास आटोपते. त्या वेळेत किती काहिली लागतील हे ऋतूनुसार किती दूध आले आहे यावर अवलंबून असते. त्या दिवशीच्या वेळा डेअरीच्या संकेतस्थळावर पाहूनच आपली गाडी ठरवावी. दुपारी दोन वाजता पोहोचणाऱ्या प्रवाशाला काचेपलीकडे फक्त धुतलेली, लखलखीत आणि रिकामी भांडी दिसतात, आणि दुर्दैवाने अनेक बससहली नेमक्या याच वेळी तिथे पोहोचतात. एखाद्या कंपनीची अर्ध्या दिवसाची सहल घ्यायची असल्यास ‘चीज बनताना दिसेल का’ हा प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

ब्रॉकला काय्ये या नावाच्या चॉकलेटचा कारखाना आहे. त्यातील ‘मेझों काय्ये’ या प्रदर्शनात ठरावीक वेळेच्या तुकड्यांनी प्रवेश मिळतो. उन्हाळ्यात, पावसाळी दिवशी आणि शनिवार-रविवारी तिथे रांग लागते, म्हणून वेळ आधीच ऑनलाइन राखून ठेवणे शहाणपणाचे. सकाळी दहाला चीज पाहायचे असेल तर चॉकलेटची वेळ सव्वाबारा ते साडेबाराची घ्यावी.

ऋतूविषयी थोडेसे. मे-जूनमध्ये गुरे डोंगरावरच्या कुरणांत चढतात आणि सप्टेंबरच्या अखेरीस डोक्यावर फुलांचे तुरे व गळ्यात मोठमोठ्या घंटा मिरवत खाली उतरतात. गुराखी आणि त्यांची ही उन्हाळी वसती यांची परंपरा युनेस्कोने २०२३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली आहे. गाई पाहायच्या असतील तर जून ते सप्टेंबर हा काळ उत्तम. केवळ चव हवी असेल तर कोणताही महिना चालतो.

पोहोचावे कसे

बर्नहून निघाल्यास फ्रीबुरमार्गे ब्यूल या गावी सुमारे तासाभरात पोहोचता येते. ब्यूलहून माँबोव्हाँच्या दिशेने जाणारी छोटी गाडी साधारण दहा मिनिटांत ग्रुयेर स्थानकावर सोडते. माँत्रोहून येणाऱ्यांनी डोंगर चढत जाणारी अरुंद मार्गाची गाडी घेऊन माँबोव्हाँला बदलावे. हा प्रवास सव्वा तासाहून थोडा अधिक लागतो, पण खिडकीबाहेरचे दृश्य इतके सुंदर असते की तो वेळ प्रवासात गेला असे वाटत नाही. लोझानहून पालेझ्यूमार्गे ब्यूल गाठता येते. स्विस ट्रॅव्हल पास या सर्व गाड्यांवर चालतो. पास नसल्यास एसबीबीच्या, म्हणजे स्विस रेल्वेच्या, ॲपवर तिकीट काढावे आणि वेळापत्रक तिथेच पाहावे. वेळापत्रकात शोधताना एक बारकावा लक्षात ठेवावा : रोमन लिपीत लिहिताना गावाच्या नावाच्या शेवटी ‘एस’ हे अक्षर येते, चीजच्या नावात ते येत नाही. उच्चार मात्र दोन्हींचा एकच.

बर्नपासून बर्नपर्यंत हिशेब केला तर सहा-साडेसहा तास धरावेत. फ्रीबुरहून पाच तासांत काम होते. प्रत्यक्ष दोन्ही ठिकाणी मिळून तीन तास जातात, उरलेला वेळ प्रवासाचा. मोठ्या बॅगा बर्नसारख्या स्थानकावरील लॉकरमध्ये ठेवून केवळ एक पाठपिशवी घ्यावी. तिच्यात पाण्याची बाटली, साधा पाव किंवा सुकी पोळी, सुरी चालणार नसल्यास लाकडी चमचा, आणि खरेदीसाठी शक्य असल्यास छोटी थंड पिशवी असावी. नाश्ता हलका करावा. हॉटेलमधल्या नाश्त्याला भरपेट न्याय देऊन निघालेल्या माणसाला अकरा वाजता चीजचा तुकडा जड जातो.

चीजच्या डेअरीत

आत गेल्यावर तिकिटासोबत कानाला लावायचे ध्वनिमार्गदर्शक यंत्र मिळते. त्यातली निवेदिका चेरी नावाची गाय आहे. मुलांना ती आवडते, मोठ्यांना तिचा लाडिक सूर थोडा सोसावा लागतो. त्याच तिकिटात सहा, आठ आणि दहा महिने पिकलेल्या ग्रुयेर चीजचे तीन लहान तुकडेही मिळतात. ते लगेच तोंडात टाकू नयेत. आधी काहिली पाहाव्यात.

काहिली हा शब्द मुद्दाम वापरला आहे. गुऱ्हाळावर उसाचा रस आटताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना इथले दृश्य परके वाटणार नाही, फक्त इथे काहील तांब्याची असते आणि चुलीच्या जागी वाफ. या डेअरीत प्रत्येकी ४,८०० लिटरच्या चार काहिली आहेत. कच्चे, म्हणजे न तापवलेले दूध सुमारे ३२ अंशांवर आणून त्यात विरजण आणि रेनेट, म्हणजे दूध साकळवणारा पदार्थ, घालतात; अर्ध्या-पाऊण तासात ते दह्यासारखे घट्ट होते. मग तारांच्या जाळीने ते कापत कापत गव्हाच्या दाण्याएवढे बारीक करतात आणि ढवळत ढवळत ५७ अंशांपर्यंत तापवतात. दाणे हातात दाबून एकमेकांना चिकटतात का, हे पाहून कारागीर पुढचा निर्णय घेतो. त्यानंतर काहिलीतला सगळा ऐवज साच्यांत ओतला जातो, निवळ खाली गळून जाते आणि साच्यांवर दाब येतो.

काहीलभर दुधाचा हा प्रवास साधारण दोन तासांचा आहे आणि त्यातला अर्धा तास तर केवळ दूध विरजण्याची वाट पाहण्यात जातो. तेव्हा आरंभापासून उभे राहण्यात अर्थ नाही. कापण्याची वेळ किंवा साच्यात ओतण्याची वेळ, यांपैकी एक गाठली तरी पुरेसे आहे. दोन्ही गाठल्या तर नशीब. ओतण्याची घटका काही मिनिटांत उरकते, म्हणून तिच्या पंधरा मिनिटे आधीच काचेपाशी जागा धरावी.

एका चाकाला, म्हणजे सुमारे ३५ किलोच्या गोल चीजला, ४०० लिटरच्या आसपास दूध लागते. दुसऱ्या दिवशी ही चाके मिठाच्या पाण्यात बुडवली जातात आणि मग तळघरात जातात, जिथे तापमान १२ ते १८ अंश आणि हवेत आर्द्रता ९२ टक्क्यांहून अधिक राखली जाते. इथल्या तळघरात ७,००० चाके मावतात. फळ्यांच्या रांगांमधून फिरणारे यंत्र एकेक चाक काढते, उलटते, मिठाच्या पाण्याने घासते आणि पुन्हा जागेवर ठेवते. ही काचेतून दिसणारी कसरत अनेकांना काहिलीपेक्षाही अधिक खिळवून ठेवते. किमान पाच महिने पिकल्याशिवाय या चीजला ग्रुयेर हे नाव लावता येत नाही. २००१ पासून हे नाव कायद्याने संरक्षित आहे. त्यासाठी गाईंना केवळ गवत आणि सुका चारा द्यावा लागतो, आंबवलेला मुरघास चालत नाही, कारण त्याने चीज बिघडते.

आणखी एक गैरसमज इथे दूर करून घ्यावा. चित्रांत स्विस चीज म्हणून जी मोठमोठी भोके दाखवतात ती एमेंटल या चीजची. स्विस ग्रुयेरला भोके जवळजवळ नसतातच. आपल्याकडे घरोघरी डब्यातून आणि चौकोनी तुकड्यांतून जे चीज येते ते प्रक्रिया केलेले चीज होय. गंमत अशी की तेही मुळात स्विसच, बर्नजवळच्या थून गावात १९११ मध्ये वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी ते प्रथम तयार केले. त्याची सवय झालेल्या जिभेला अस्सल ग्रुयेर पहिल्या घासाला खारट, उग्र आणि काहीसे अनोळखी लागते. पहिल्या घासावर मत बनवू नये.

तीन तुकडे चाखण्याची रीत

बाहेर बाकावर बसून पाकीट उघडावे आणि पाच-दहा मिनिटे तसेच ठेवावे. थंड चीजला वास नसतो आणि वासाविना चव अर्धीच. सुरुवात सहा महिन्यांच्या तुकड्यापासून करून दहा महिन्यांच्या तुकड्यावर संपवावी. उलट केल्यास कोवळे चीज मेणासारखे फिके लागते. तुकडा मोडून नाकाशी धरावा, मग छोटा घास घेऊन जिभेवर दाबून ठेवावा आणि श्वास नाकाने सोडावा. पहिल्या तुकड्यात दूध, साय आणि किंचित आंबटपणा जाणवतो. आठ महिन्यांचा तुकडा भाजलेल्या दाण्यांकडे झुकतो. दहा महिन्यांच्या तुकड्यात खारेपणा पुढे येतो आणि काही वेळा दाताखाली बारीक खडे करकरतात. ते मिठाचे नसून चीज पिकताना प्रथिनांतून सुटणाऱ्या टायरोसीनचे स्फटिक असतात, आणि जाणकार त्यांना चांगल्या पिकण्याची खूण मानतात. दोन घासांच्या मध्ये पावाचा कोरडा तुकडा आणि साधे पाणी घ्यावे. स्विस गावांतील कारंज्यांचे पाणी पिण्याजोगे असते. जिथे नसते तिथे ‘नों पोताब्ल’ अशी फ्रेंच सूचना लिहिलेली असते. कडेची साल खाऊ नये.

शाकाहारी मंडळींसाठी

हा भाग सहलीच्या माहितीपत्रकांत बहुधा गाळलेला असतो, आणि आपल्याकडच्या निम्म्या कुटुंबांना तोच सर्वाधिक लागू पडतो. ग्रुयेरसाठी वापरले जाणारे रेनेट वासराच्या जठरातून मिळवलेले असते, आणि संरक्षित नावाचा नियम पाळायचा तर दुसरे वापरता येत नाही. दूध शाकाहारी म्हणून चीजही शाकाहारी, हे गृहीत धरणाऱ्यांना नंतर कळले की मनस्ताप होतो, म्हणून घरातील ज्येष्ठांना हे आधीच सांगावे. ज्यांना ते चालत नाही त्यांनीही डेअरी जरूर पाहावी आणि चाखण्यापुरते बाजूला राहावे. स्विस सुपरमार्केटमध्ये सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटची चीजही मिळतात. पाकिटावर पिवळ्या गोलात हिरव्या पानाचे ‘व्ही’ असे चिन्ह पाहावे. घटकांच्या यादीत रेनेटला फ्रेंचमध्ये ‘प्रेझ्यूर’ म्हणतात.

या भागाची दुसरी ख्याती दाट सायीची, म्हणजे ‘क्रेम दूब्ल’ची. लाकडी वाटीतली ही साय चमच्यावरून सहजी ओघळत नाही. ती मेरँगसोबत देतात आणि मेरँग अंड्याच्या पांढऱ्या भागापासून बनते. अंडे न खाणाऱ्यांनी तीच साय स्ट्रॉबेरी किंवा रास्पबेरीसोबत मागावी. फॉन्ड्यूमध्ये, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळवलेल्या चीजमध्ये, सहसा पांढरी वाइन आणि किर्श नावाची चेरीची दारू असते. इथली खास फॉन्ड्यू म्हणजे अर्धे ग्रुयेर आणि अर्धे व्हाशरँ फ्रीबुर्जवा हे इथलेच दुसरे, मऊसर चीज. केवळ व्हाशरँची फॉन्ड्यू मात्र वाइनऐवजी पाण्यात करतात, तेव्हा मद्य टाळणाऱ्यांनी तिची चौकशी करावी. अर्थात, या अर्ध्या दिवसात फॉन्ड्यू खाऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. ती खायला दीड तास लागतो, आणि नंतर चॉकलेट नकोसे होते.

गर्भवती महिलांनी कच्च्या दुधाच्या चीजविषयी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. दूध न पचणाऱ्यांना मात्र दिलासा आहे : इतके महिने पिकलेल्या ग्रुयेरमध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, उरत नाही.

वरचे गाव : जावे की न जावे

डेअरीपासून टेकडीवरचे ग्रुयेर गाव पायी पंधरा-वीस मिनिटांच्या चढावर आहे. एकच फरसबंद रस्ता, दोन्ही बाजूंना जुनी घरे, टोकाला किल्ला, आणि गावाच्या निशाणावर क्रौंच पक्षी. मोटारींना आत प्रवेश नाही. तासभर मोकळा असेल तर जावे, किल्ल्याचे प्रवेशशुल्क स्विस ट्रॅव्हल पासमध्ये माफ आहे. नसेल तर खंत करू नये. याच सोज्वळ गावात एच. आर. गीगर या चित्रकाराचे, हाडे आणि यंत्रे यांच्या भयावह मिश्रणाने भरलेले संग्रहालय १९९८ पासून आहे. लहान मुले सोबत असल्यास त्या दारावरून पुढे जावे.

ब्रॉकच्या कारखान्यात

ग्रुयेर स्थानकावरून परत ब्यूलला येऊन ब्रॉकची गाडी घ्यावी आणि शेवटच्या ‘ब्रॉक-शोकोलातेरी’ स्थानकावर उतरावे. खिडकी उघडी असेल तर स्थानक येण्यापूर्वीच नाकाला पत्ता लागतो.

फ्रांस्वा-लुई काय्ये यांनी १८१९ मध्ये व्हेवेजवळ चॉकलेटचा व्यवसाय सुरू केला. त्यांचे नातू अलेक्झांद्र यांनी १८९८ मध्ये ब्रॉकला कारखाना उभारला. ब्रॉकच का, याचे उत्तर सकाळी काहिलीत दिसलेलेच आहे : दूध. चॉकलेटमध्ये दूध मिसळणे वाटते तितके सोपे नव्हते, कारण दुधात पाणी असते आणि कोकोच्या स्निग्धांशाशी पाण्याचे जमत नाही. मिश्रण नासे, त्याला बुरशी येई. काय्ये घराण्याचे जावई दानिएल पेतेर हे मूळचे मेणबत्त्या बनवणारे, आणि बाळांसाठी दुधाचे पीठ बनवणारे हेन्री नेस्ले त्यांचे व्हेवेतील शेजारी. पेतेर यांनी १८७५ मध्ये मिल्क चॉकलेट तयार केले. चारच वर्षांनी बर्नमध्ये रोडोल्फ लिंट यांनी चॉकलेट दीर्घकाळ घोटण्याची पद्धत आणली. घोटणयंत्र चुकून शनिवार-रविवार चालूच राहिले, अशी आख्यायिका सांगतात. ब्रॉकचा कारखाना १९२९ मध्ये नेस्लेत विलीन झाला, पण काय्ये हे नाव टिकले आणि दुधाच्या भुकटीऐवजी आटवलेले दूध वापरण्याची रीतही टिकली. तिथल्या चॉकलेटला जी बासुंदीच्या जवळ जाणारी चव असते ती या आटवलेल्या दुधाची.

प्रदर्शनाचा पहिला भाग दिवे, आवाज आणि आपोआप उघडणाऱ्या दारांचा आहे. तो मनोरंजक आहे, पण त्यात फार गुंतू नये. त्यानंतर कोकोच्या बिया, बदाम, हेझलनट हे पदार्थ हाताळायला आणि हुंगायला मिळतात, छोट्या यंत्रावर चॉकलेटच्या कांड्या तयार होताना दिसतात आणि शेवटी चाखण्याची खोली येते. पुढ्यात ताटेच्या ताटे मांडलेली असतात आणि कोणी मोजत नाही. नेमके इथेच बहुतेक जण चुकतात. पहिल्या पाच मिनिटांत आठ-दहा तुकडे तोंडात टाकले की जीभ बधिर होते आणि उरलेली सगळी चॉकलेटे सारखीच गोड लागतात.

त्यापेक्षा आधी सगळ्या ताटांवरून नजर फिरवून पाच-सहा प्रकार निवडावेत. माझ्या मते सुरुवात कडवट, काळ्या चॉकलेटने करावी, मग मिल्क चॉकलेट, मग हेझलनटचे आणि शेवटी पांढरे किंवा भरलेले. एकदा साखर चढली की कडवटातले बारकावे हरवतात. चीज आधी घ्यायचे कारणही हेच : गोडानंतर खारे चीज कडू आणि साबणासारखे लागते, खाऱ्यानंतर गोड मात्र खुलते. तुकडा कानाजवळ मोडून पाहावा. चांगले चॉकलेट खटकन तुटते आणि त्याच्यावर चकाकी असते. मग तो चावू नये. कोकोचा स्निग्धांश शरीराच्या तापमानाच्या थोडा खालीच, ३४ अंशांच्या आसपास वितळतो, तेव्हा जिभेवर अर्धा मिनिट धरला तर तो स्वतःच पसरतो. मध्ये कोमट पाणी प्यावे. थंड पाण्याने तोंडातला स्निग्धांश गोठतो आणि पुढची चव लागत नाही.

भरलेल्या चॉकलेटांत किर्श किंवा अन्य मद्य असू शकते. ‘आल्कोल?’ एवढा एक शब्द प्रश्नार्थक सुरात विचारला तरी कर्मचारी योग्य ताटाकडे बोट दाखवतात. मधुमेह असणाऱ्यांनी तीन तुकड्यांची मर्यादा खोलीत शिरण्यापूर्वीच ठरवावी. आत गेल्यावर ती ठरत नाही.

खरेदी आणि घरापर्यंतचा प्रवास

चीज डेअरीच्या दुकानातच घ्यावे आणि निर्वात पाकिटात बंद करून मागावे. ‘क्लासिक’ म्हणजे सहा ते नऊ महिन्यांचे, ‘रिझर्व्ह’ म्हणजे दहा महिन्यांपुढचे, आणि ‘आल्पाज’ म्हणजे केवळ उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणांत बनवलेले. नव्या जिभेसाठी पहिले आणि भेट देण्यासाठी तिसरे घ्यावे. कडक चीज हातातल्या सामानात चालते. साय, फॉन्ड्यूचे मिश्रण आणि चॉकलेटचा लेप यांना मात्र १०० मिलिलिटरची मर्यादा लागू होते, म्हणून ते मोठ्या बॅगेत टाकावेत. दुग्धजन्य पदार्थ सोबत आणण्याचे भारतीय नियम निघण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावेत.

चॉकलेट मुंबईत मे महिन्यात उतरणार असेल तर ते हातातल्या सामानात, कपड्यांत गुंडाळून आणावे. घरी आल्यावर थेट फ्रिजमध्ये ठेवल्यास त्याच्यावर दव धरते आणि साखर वर येऊन पांढरट थर जमतो. आधी हवाबंद डब्यात घालून मगच फ्रिजमध्ये ठेवावे आणि खाण्यापूर्वी डबा न उघडता अर्धा तास बाहेर काढून ठेवावा. चीज पाकीट उघडल्यावर लोणी गुंडाळण्याच्या कागदात लपेटावे, प्लॅस्टिकमध्ये ते गुदमरते. फ्रीझरमध्ये ते मुळीच टाकू नये, कारण नंतर त्याचा भुगा होतो. तसा भुगा झालाच तर किसून गरम थालीपिठावर भुरभुरावा.